मेलविलची अबोल माणसं

पावसात भिजलेल्या सित्रोएन गाडीत एक माणूस येऊन बसतो. गाडी त्याची नाही. शेजारच्या सीटवर तो किल्ल्यांचा भला मोठा जुडगा ठेवतो आणि एकेक किल्ली लावून बघू लागतो. नजर समोरच्या काचेवर, हात मात्र कामात. एक लागत नाही, ती बाजूला, मग दुसरी. घाई नाही, कपाळावर आठी नाही. ‘ल सामुराई’मधला (१९६७) हा भाडोत्री मारेकरी जेफ कोस्तेलो, म्हणजे आलाँ दलों. चित्रपट सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो, पण तोंडातून शब्द निघालेला नसतो. पुढे गॅरेजमध्ये नंबरप्लेट बदलली जाते, कागदपत्रं आणि पिस्तूल हातात पडतं, पैसे दिले जातात; तेही मुकाट्याने.

दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर ही गाडीचोरी दोन शॉटमध्ये उरकून मोकळा झाला असता. जाँ-पिएर मेलविल तिथेच रेंगाळतो, कारण त्याच्या लेखी माणूस म्हणजे त्याची काम करण्याची पद्धत. जेफचं बालपण, त्याची दुःखं यांतलं काहीच तो सांगत नाही. ‘ल सेर्क्ल रूज’मधला (१९७०) जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा तर जवळपास अर्धा तास संवादाविना चालतो, आणि आपण श्वास रोखून बघत राहतो.

हे मौन अमेरिकन गुन्हेपटांतून उचललेलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. हॅट आणि ट्रेंचकोट तिकडचे, हे खरं. पण मेलविलचं मूळ आडनाव ग्रुमबाख. हा ज्यू तरुण नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत होता आणि हर्मन मेलविलवरून घेतलेलं टोपणनाव त्याने पुढे कायम ठेवलं. त्याच्या पहिल्याच चित्रपटात (१९४९) घरात राहायला आलेल्या जर्मन अधिकाऱ्याशी काका-पुतणी जवळपास शेवटपर्यंत अवाक्षर बोलत नाहीत. तोंड उघडलं की माणसं मरतात, हे भूमिगतांच्या जगण्यातलं वास्तव होतं. जेफच्या मिटलेल्या ओठांमागे मला तेच दिसतं.

उणिवा आहेतच. त्याच्या गुन्हेपटांतल्या बायका बहुतेक वेळा शोभेपुरत्या. शेवटच्या ‘अँ फ्लिक’मधली (१९७२) खेळण्यातली आगगाडी तर खेळण्यातलीच दिसते!

पण ‘लार्मे देझोम्ब्र’मध्ये (१९६९) सिमोन सिन्योरेची मातिल्द आहे. चळवळीतली सगळ्यात धीराची बाई, आणि साथीदारच तिला गोळ्या घालतात, कारण मुलीच्या जिवासाठी ती बोलेल अशी त्यांना भीती असते. गाडीतून झाडलेल्या त्या गोळ्यांआधी ती साथीदारांकडे बघते, ते बघणं विसरता येत नाही. मेलविलचा सर्वश्रेष्ठ चित्रपट हाच. तेव्हाच्या फ्रेंच समीक्षकांनी द गॉलची भलामण म्हणून त्याला झोडपलं; अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो लागला थेट २००६ साली, मेलविलच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी.