टोला म्हणजे उत्तर नव्हे

अमरावतीहून इथं अकोल्याला येताना एका जुन्या विद्यार्थ्यानं आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘सर, कसा हाणला!’ आजचं बोलणं या ‘हाणला’विषयी आहे.

चित्रफीत तशी जुनी, 3 जून 2022 ची. स्लोव्हाकियात ब्रातिस्लावा इथं ग्लोबसेक परिषदेत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची जाहीर मुलाखत झाली. युक्रेनवरच्या हल्ल्याला तीन महिने उलटले होते. रशियाचं तेल घेऊन भारत या युद्धाला पैसा पुरवत नाही का, असा प्रश्न आला. मंत्र्यांनी उलट विचारलं, युरोप रशियाचा वायू घेतो, त्यानं पैसा पुरवला जात नाही का? युरोपचा दुटप्पीपणा उघडा पडला. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

पण आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. गौतमांच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या 22 जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक ‘मतानुज्ञा’. समोरच्यानं आपल्यात दोष दाखवला, तो दूर न करता आपण म्हणालो, ‘तुझ्यातही तोच आहे’, की आपला दोष आपणच कबूल केला. समोरचा चोर निघाला म्हणून आपण साव ठरत नाही.

मग सगळेच टोले फोल का? नाही. 1971 च्या युद्धाआधी बीबीसीच्या मुलाखतीत संयमाचा विषय निघाला, तेव्हा इंदिरा गांधींनी ब्रिटिशांना हिटलरच्या काळाची आठवण करून दिली. तिखट बोलल्या. पण ‘तुम्हीही चुकलात’ असं त्या म्हणत नव्हत्या. ‘तेव्हा तुम्ही जे योग्य मानलंत, तेच आज आम्हाला लागू करा’ असं म्हणत होत्या. आणि मागं लाखो निर्वासितांचा मुद्दा उभा होता.

जयशंकरांनी नुसताच टोला दिला, असंही नाही बरं का. इराणचं, व्हेनेझुएलाचं तेल बाजारात येऊ दिलं जात नाही, मग आम्ही घ्यायचं कुठून, हेही त्यांनी त्याच मुलाखतीत विचारलं. हा खरा युक्तिवाद, तपासावा असा. पण आपल्या मोबाइलवर फिरला तो टोल्याचा तुकडा. टाळ्या वाजवण्यात पुढचा प्रश्न राहून गेला: स्वस्त तेलाचा फायदा कोणाला झाला, आणि कोणी रुसलं तर त्याची किंमत कोण मोजणार?

ऑगस्ट 2025 मध्ये तो प्रश्न दारात आला. रशियन तेलाचं कारण देऊन अमेरिकेनं 25 टक्के जादा शुल्क लावलं. आधीचं 25 धरून 27 तारखेपासून 50 टक्के. कापड उद्योग अडचणीत आला. त्याच महिन्यात केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपल्या पऱ्हाटीची बोंडं फुटायला आणि परदेशी गाठींना दार उघडायला एकच मुहूर्त! हे सगळं एकट्या तेलामुळं झालं, असं आम्ही म्हणत नाही. पण ही साखळी एखाद्या मुलाखतीत तरी कोणी उलगडून विचारावी की नाही?

वऱ्हाडाला दूरचं युद्ध नवीन नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 65, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच उतरला. तेव्हा आपल्याला विचारणारं कोणी नव्हतं. आज विचारायचा हक्क आपल्याकडे आहे, आणि आपण तो टाळ्यांत घालवतो.

त्या विद्यार्थ्याच्या घरी पाच एकर पऱ्हाटी आहे. आम्ही त्याला उलट लिहिलं, ‘बाप्पा, हाणला खरा, पण लागला कोणाला, ते वावरात जाऊन पाहा.’

आता टाळ्या नकोत. प्रश्न विचारा.