गादी आणि काठी

संस्थानाचा इतिहास म्हटलं की पहिल्या पानावर वंशावळ. मूळ पुरुष, त्याचा मुलगा, त्याचा नातू. मधेच कुठंतरी कंसात बारीक अक्षरात ‘दत्तक’. आपले इतिहासकार त्या शब्दावरून टाच न टेकवता पुढं जातात. मी तिथंच बसकण मारतो.

आमच्या नळदुर्गाशेजारचं अक्कलकोट घ्या. 1707 साली शाहू छत्रपती मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. वाटेत पारद गावाशी चकमक झाली, गावचा पाटील पडला. त्याच्या बायकोनं लेकरू शाहूंच्या पायावर घातलं. त्या राणोजी लोखंडेचा पुढं फत्तेसिंह भोसले झाला अन् त्याच्यापासून अक्कलकोटचं घराणं चाललं. बडोद्यात 1875 साली कवळाण्याच्या शेतकऱ्याचा गोपाळराव सयाजीराव गायकवाड झाला. कोल्हापुरात 1884 साली कागलकर घाटग्यांचा यशवंतराव शाहू छत्रपती झाला.

बाप बदलला, आडनाव बदललं, नशीब बदललं. जात तेवढी बदलली नाही. म्हणजे रक्ताचा बडिवार सोयीपुरता. गादीला वारस नसला तर बाहेरून आणता येतो. येसकराच्या काठीला वारस कधी कमी पडला नाही. पोर जन्मलं की काठी त्याच्यासाठी तयार. जागल त्याची, सांगावा त्याचा, मेलेलं ढोर त्याचं. पाटलाच्या हक्कालाही वतनच म्हणायचं आन् आमच्या राबण्यालाही वतनच. शब्द एक, पोटं दोन.

‘मराठी रियासत’ लिहिणारे गो. स. सरदेसाई बडोदे संस्थानच्या नोकरीत होते. कागद शोधण्याची त्यांची मेहनत मी नाकारत नाही. पण त्या वळणावर चाललेले संस्थानी इतिहास मोहिमा मोजतात, तह मोजतात. मोहिमेचा सांगावा रातोरात पुढच्या गावाला कुणी नेला, ते विचारत नाहीत.

कोल्हापूरच्या शाहूंना ही गोम कळली होती. वेदोक्त प्रकरणात भटजीनं खुद्द छत्रपतीला शूद्र ठरवलं, तेव्हा जन्माचा चटका गादीलाही बसला. 26 जुलै 1902 ला त्यांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. पण मला 1918 चा हुकूम मोठा वाटतो. महार वतन खालसा करून जमिनी रयताव्यानं महारांच्या नावावर केल्या. राजानं काठी मोडली. 1920 साली माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना आमचे पुढारी म्हणून जाहीर केलं. चरित्रकार या साऱ्याला ‘औदार्य’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. हक्काचं परत मिळालं, त्याला दान कसं म्हणायचं?

आन् हुकूम संस्थानच्या शिवेवर थांबतो. आमचा जिल्हा निजामाकडं. 1918 ला कोल्हापुरात जे सुटलं, त्यासाठी 1941 च्या फेब्रुवारीत आमच्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदारांना परिषद भरवावी लागली. बाबासाहेब स्वतः आले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. राजा चांगला की वाईट हे त्याच्या तलवारीवरून, वाड्यावरून, देवळाला दिलेल्या दागिन्यावरून ठरवू नका. त्याच्या राज्यात येसकराच्या पोराला काठी टाकता आली का, एवढंच बघा. बहुतेक वंशावळी या एका प्रश्नालाच गारद होतात. अन् तडवळ्याची परिषद ज्या इतिहासात नाही, तो मराठवाड्याचा इतिहास नव्हे. ती नुसती राजांची हजेरी.