सुशोभित धर्मपोथी : ‘हेइके नोक्यो’चें परीक्षण

पोथींतील चित्रें हा मजकुराचा केवळ अलंकार होय, असें मानण्याची संग्राहकांची सवय जुनी आहे. ही समजूत पारखावयाची तर जपानांतील इत्सुकुशिमा देवस्थानाकडे वळावें. ताइरा नो कियोमोरी यानें तेथें इ. स. ११६४ मध्यें ‘हेइके नोक्यो’ नामक ३३ गुंडाळ्या अर्पण केल्या. सद्धर्मपुण्डरीकाचे २८ अध्याय, त्यास आद्यंतीं जोडलेलीं दोन सूत्रें, लघु सुखावतीव्यूह, प्रज्ञापारमिताहृदय व कियोमोरीचें संकल्पपत्र मिळून ही संख्या भरते. कुलांतील व परिवारांतील ३२ जणांनीं एकेक गुंडाळी वांटून घेतली, असें संकल्पपत्र सांगतें.

संस्कृताभ्यासकास येथें शंका येईल, कीं संस्कृत ग्रंथाचे अध्याय २७. मग हे २८ कसे? कुमारजीवाच्या चिनी भाषांतराच्या प्रचलित पाठांत देवदत्ताचें आख्यान हा स्वतंत्र बारावा अध्याय आहे. संस्कृतांत तें अकराव्यांतच समाविष्ट आहे. याच आख्यानांत सागर नागराजाची आठ वर्षांची कन्या बुद्धास रत्न अर्पून तत्काळ बोधि पावते. त्या गुंडाळीच्या मुखचित्रांत तीच कन्या रत्न अर्पितांना दिसते. आणि ज्या देवस्थानास हें दान झालें, तेंहि भरतीच्या पाण्यांत उभें आहे. पाठ वाचल्यावांचून या चित्राचें औचित्य कळणारें नाहीं.

सोन्यारुप्याचे वर्ख, त्यांचे बारीक काप व चूर्ण कागदाच्या दोन्ही अंगांस पसरलें आहे. यास कोणी श्रीमंतीचा दिमाख म्हणेल. तो अंश नाहीं असें नाहीं. परंतु लेखन हें पुण्यकर्म असून ग्रंथाची पुष्पगंधादिकांनीं बुद्धवत् पूजा करावी, असें धर्मभाणक अध्यायच सांगतो. तेव्हां ही शोभा पूजोपचार होय.

याविरुद्ध एक पुरावा मात्र मांडला पाहिजे. शितेन्नोजी येथील पंख्याच्या आकाराच्या पत्रांवर याच सूत्राखालीं लौकिक व्यवहाराचीं चित्रें आहेत. त्यांचा अध्यायांशीं उघड संबंध दिसत नाहीं. म्हणून चित्र सर्वत्र पाठाचें विवरणच करतें, असा नियम बांधतां येत नाहीं. तथापि तेथेंहि अक्षरें आकृतींवरूनच गेलीं आहेत. अर्थाचा संबंध तुटला तरी पत्र एकच राहतें.

आमच्याकडे सचित्र पानें पोथींतून काढून विकलीं जातात व उरलेला गठ्ठा रद्दींत जातो. अशा पानांचा संग्रह करणारांनीं विचार करावा : नागकन्येचें चित्र हातीं राहिलें आणि आख्यान गेलें, तर आपण राखिलें तें काय?