सात सूर्य, डॉ. नारळीकर आणि आपली घाई

विश्वाचा शेवट कसा होईल, या प्रश्नाची उत्तरे आपल्या धम्मप्रवचनांतून अलीकडे फार सहजपणे दिली जातात. ढोकी येथे वर्षावासातील एका वाचनास आम्ही उपस्थित होतो. अंगुत्तर निकायातील सत्तसुरिय सुत्ताचे वाचन झाले आणि लगोलग दोन विधाने ऐकावयास मिळाली. सूर्याच्या अंताविषयी आजचे विज्ञान जे सांगते ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले, हे पहिले. विश्वाला आदि नाही व अंतही नाही हे डॉ. जयंत नारळीकरांनी सिद्ध केले, त्यामुळे सृष्टिकर्त्या ईश्वराचा निकाल लागला, हे दुसरे. वक्त्यांच्या धम्मनिष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. तथापि दोन्ही विधाने तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम सुत्त पाहू. त्यात पाऊस थांबतो, मग एकामागून एक सूर्य उगवतात. दुसऱ्या सूर्याने ओढे आटतात, तिसऱ्याने गंगा-यमुनेसारख्या महानद्या, चौथ्याने महासरोवरे, पाचव्याने समुद्र. सहाव्या सूर्याने पृथ्वी व सिनेरु पर्वत धुमसू लागतात आणि सातव्याने जळून राखही उरत नाही. विज्ञान याहून वेगळे सांगते. सुमारे ५०० कोटी वर्षांनी आपला एकच सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. सात सूर्य कोठेही उगवणार नाहीत. शिवाय सूर्याचा अंत म्हणजे विश्वाचा अंत नव्हे. आकाशगंगेत असे अब्जावधी तारे आहेत. सुत्तातील सूर्य खरे मानावयाचे तर चौऱ्यांशी हजार योजने उंचीचा सिनेरुही खरा मानावा लागेल. त्याची तयारी आमच्या वक्त्यांची नसावी.

आता डॉ. नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले व २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन पावलेले हे शास्त्रज्ञ स्थिर विश्वाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते, हे खरे. १९९३ साली फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी त्याचे सुधारित रूप मांडले. त्यानुसार विश्वाला आरंभ नाही. ते दीर्घकाळ प्रसरण पावत असते आणि त्या प्रसरणात हजारो कोटी वर्षांच्या कालावधीची आंदोलने होत असतात. परंतु हे मांडणे झाले, सिद्ध करणे नव्हे. १९६५ साली आकाशाच्या सर्व दिशांकडून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. त्याचा उलगडा महास्फोटाच्या सिद्धांताने अधिक सरळ होतो, म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञांनी डॉ. नारळीकरांचे मत स्वीकारले नाही. ते अखेरपर्यंत अल्पमतात राहिले, युक्तिवाद करीत राहिले, निरीक्षणांना उत्तरे देत राहिले. आमच्या मते त्यांच्यापासून घेण्यासारखे हेच आहे. आणि आमच्या प्रवचनांत नेमके हेच गळते.

गंमत अशी की, आरंभ नाही म्हणावयाचे असेल तेव्हा नारळीकर हवे असतात आणि संवट्टकप्प-विवट्टकप्प समजावून द्यावयाचा असेल तेव्हा तेच वक्ते महास्फोट पुढे करतात. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतील?

विज्ञानही एका जागी थांबलेले नाही. १९९८ साली दूरच्या अतिदीप्त ताऱ्यांच्या अभ्यासातून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे आढळले. तोवर विश्व पुन्हा आकसेल की काय याची चर्चा जोरात होती. त्यानंतर ते अनंतकाळ पसरत, थंड व काळोखे होत जाईल हे मत बळावले. २०२४ व २०२५ साली आलेल्या दीर्घिकांच्या नव्या मोजणीतून, ही वेग वाढविणारी अदृश्य ऊर्जा कालौघात क्षीण होत असावी असे संकेत मिळाले. ते अद्याप निर्णायक नाहीत. यांपैकी कोणत्या निष्कर्षाला आपण बुद्धवचन बांधणार? निष्कर्ष बदलला की वचनही बदलणार काय?

आमच्या या भागाला तरी हे सांगावे लागू नये. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजले जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. त्या दिवसांत कलियुगाचा अंत जवळ आल्याचे सांगणारे पुष्कळ भेटले. भूशास्त्रज्ञांनी मात्र आपली समजूत चुकली हे मान्य केले आणि २००२ साली देशाच्या भूकंपक्षेत्रांचा नकाशाच बदलला. प्रलयाच्या पुराणातून आपण १९५६ साली बाहेर पडलो. तेच पुराण विज्ञानाचे वस्त्र पांघरून विहारात परत येणार असेल, तर ते ओळखता आले पाहिजे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. मनुष्याच्या कल्याणाशी संबंध नसलेल्या चर्चेत भगवंत पडत नसत, ही त्यांतील एक. ज्याविषयी त्यांना निश्चिती होती ते त्यांनी ठामपणे सांगितले, इतर बाबतींत केवळ तात्पुरते मत दिले, ही दुसरी. लोक शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, हे मालुंक्यपुत्ताचे प्रश्न भगवंतांनी अनुत्तरित ठेवले ते याच दृष्टीने. ईश्वराचा नकारही त्याच ग्रंथात तर्काने दिला आहे. त्यास दुर्बिणीची साक्ष लागली नाही. मात्र बाणाच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन खगोलशास्त्र निरुपयोगी ठरविणारे दुसरे टोकही आम्हांस मान्य नाही. ढोकीच्या मुलामुलींनी डॉ. नारळीकर अवश्य वाचावेत, पण खगोलशास्त्र म्हणून.

राहता राहिले सुत्त. त्या दिवशी सातव्या सूर्यापाशी वाचन थांबले. सुत्त तेथे संपत नाही. पुढे सुनेत्त नावाच्या आचार्याची कथा येते. त्याने सात वर्षे मैत्रीभावना केली, दीर्घकाळ उच्च लोकी राहिला, तरीही जरा-मरणातून आणि दुःखातून सुटला नाही. कारण शील, समाधी, प्रज्ञा व विमुक्ती यांचा बोध त्याला झाला नव्हता. सिनेरुची राख या कथेकडे नेण्यासाठी आहे. पुढील पौर्णिमेस सुत्त पुन्हा वाचावयाचे ठरले आहे, आणि सुनेत्ताच्या कथेपासून सुरुवात करावी अशी विनंती आम्ही केली आहे.