‘भूमिका’ हा शब्द जातीला पुरतो का?

पीएच.डी. प्रवेशाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींचे संशोधन आराखडे अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. विषय कुठलाही असो, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: ‘पारंपरिक गावात प्रत्येक जातीची भूमिका ठरलेली होती.’ याला पटकन चूक म्हणता येत नाही. पण या वाक्यात ‘भूमिका’ हा शब्द जे काम करतोय, ते मला खटकतं.

शब्द आला कुठून ते आधी बघू. राल्फ लिंटन या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाचं ‘द स्टडी ऑफ मॅन’ १९३६ साली आलं. दर्जा आणि भूमिका यांची जी मांडणी आपण नेट-सेटसाठी पाठ करतो, ती त्यातल्या एका प्रकरणातली. दर्जा म्हणजे हक्क आणि कर्तव्यांचा संच. त्या जागी बसलेला माणूस ते हक्क आणि ती कर्तव्यं प्रत्यक्षात आणतो, ती भूमिका. काही दर्जे जन्मानं चिकटतात, ते अर्पित. काही कमवावे लागतात, ते अर्जित. रोजचं जगणं चालवणारे बहुतेक दर्जे अर्पितच असतात, असंही तो म्हणतो.

या मांडणीनं एक मोठी सोय केली. माणूस आणि त्याची जागा वेगळी काढता आली. तलाठी बदलून गेला तरी तलाठ्याची जागा राहते, तिचे अधिकार राहतात. कार्यालय, शाळा, दवाखाना यांचा अभ्यास करायचा तर हे आजही उपयोगी आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता हीच मांडणी महार वतनाला लावून बघा. गावची सीमा राखणं, सरकारी टपाल आणि वसुली तालुक्याला पोचवणं, लोकांना चावडीवर बोलावून आणणं, मेलेली जनावरं ओढणं, अशी ही कामं. मोबदला म्हणून इनामाचा जमिनीचा तुकडा आणि बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) ही सगळी व्यवस्था तपशिलानं आली आहे. लिंटनच्या भाषेत बोलायचं तर कर्तव्यं आहेत, हक्क आहेत, दर्जा अर्पित आहे. उत्तर बरोबर, पैकीच्या पैकी गुण!

पण खरंच बसतं का हे? लिंटनच्या कल्पनेत भूमिका एक व्यक्ती करते. वतनाचं काम एका व्यक्तीवर नव्हतंच, ते कुटुंबावर आणि पर्यायानं अख्ख्या महारवाड्यावर होतं. आज कोण येणार हा तुमच्या घरचा प्रश्न. कुणीतरी आलं पाहिजे, एवढंच गावाला आणि सरकारला ठाऊक. शिवाय हे निव्वळ ‘परंपरा’ म्हणून चाललं नव्हतं. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याचा आधार त्यामागे होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते संमत झालं नाही. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. ज्या ‘भूमिके’तून सुटायला कायदेमंडळात जावं लागतं तिला भूमिका म्हणताना जरा थांबायला हवं की नको?

हक्कांचंही तसंच. १९३६ मध्येच विल्यम वायझर यांचं जजमानीवरचं पुस्तक आलं, उत्तर प्रदेशातल्या करीमपूर गावावरचं. (करीमपूर हे त्यांनी गावाला दिलेलं टोपणनाव.) सगळ्या जाती एकमेकांची सेवा करतात आणि बदल्यात काही घेतात, हे त्यांचं मुख्य चित्र. आपल्या पुस्तकांतलं बलुतेदारीचं ‘परस्परावलंबन’ या चित्राच्या फार जवळचं आहे. थॉमस बायडेलमन यांनी १९५९ मध्ये त्यावर साधा आक्षेप घेतला: जमीन कुणाकडे आहे ते बघा, म्हणजे देवाणघेवाण किती समान आहे ते कळेल. परस्परावलंबन खोटं नाही. शेतकऱ्याला सुताराची गरज असतेच. पण देणं थांबवलं तर उपाशी कोण राहणार, हे ‘परस्पर’ या शब्दातून कळत नाही.

म्हणून मला वाटतं, जातीच्या अभ्यासात भूमिकेची खरी परीक्षा नकाराच्या वेळी होते. मार्च १९२७ च्या महाड परिषदेनंतर ठिकठिकाणी महारांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. मग काय झालं? इलाख्यातल्या अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर नेमलेल्या स्टार्ट समितीचा १९३० चा अहवाल काढून वाचा. हक्क मागणाऱ्यांवर गावं बहिष्काराचं हत्यार कसं चालवतात, त्याची नोंद त्यात आहे: शेतातलं काम बंद, वाण्याकडचा माल बंद, वाटा बंद. लिंटनच्या चौकटीत याला ‘भूमिका-अपेक्षांचा भंग आणि त्यावरील सामाजिक नियंत्रण’ असं काहीतरी नाव मिळेल. नाव मिळालं की आपण पुढच्या परिच्छेदाकडे जातो, हीच तर गोची.

आणि १९३६ चंच तिसरं पुस्तक आंबेडकरांचं, जातिनिर्मूलनावरचं. जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही वर-खाली रचलेली, हा त्यातला मुद्दा. श्रमविभागणी म्हटलं की काम आणि भूमिका बघायच्या. श्रमिकांची विभागणी म्हटलं की आधी समूह बघावा लागतो. त्या समूहाची कुंपणं कशी टिकतात याचं उत्तर त्यांनी १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधातच दिलं होतं: अंतर्विवाह. आपल्या अभ्यासक्रमात लिंटन ‘मूलभूत संकल्पना’त आणि आंबेडकर ‘भारतीय विचारवंत’ मध्ये असतात. एकाच सालची पुस्तकं, पण एकमेकांशी कधी बोलत नाहीत.

काही जण म्हणतील, एव्हरेट ह्यूज यांनी १९४५ मध्ये ही उणीव भरून काढली. डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय अमेरिकी माणूस समोर आला की लोकांना आधी त्याचा वंश दिसतो. एक दर्जा बाकी सगळ्यांवर मात करतो. मुद्दा मोलाचा आहे, आणि १९१७ चा बडोद्याचा प्रसंग त्यात सहज बसतो. कोलंबियातून शिकून आंबेडकर संस्थानच्या नोकरीत आले आणि राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावानं हुसकावलं. अर्जित दर्जावर अर्पित दर्जाची मात, झालं उत्तर. पण हुसकावणारे पारशी होते, जातिव्यवस्थेत ज्यांचं स्थानच नाही असे. आंबेडकरांनी विचारून पाहिलेल्या दोन मित्रांपैकी एक हिंदू आणि एक ख्रिस्ती होता. दोघांनीही आपापल्या परीनं टाळलं. एका समूहानं ठरवलेला दर्जा दुसरे समूह का आणि कशाच्या बदल्यात पाळतात, हे ह्यूज यांच्याही चौकटीतून सुटत नाही. कुणाला आराखड्यासाठी प्रश्न हवा असेल तर हा घ्या, भाड्याच्या घरांच्या बाजारात आजही तपासता येण्यासारखा आहे.