वाद्य कोणाचे?

गायकाचे चरित्र लिहावे, वादकाचे लिहावे, फार तर मैफलीत पाठीशी बसलेल्या साथीदारावर चार ओळी खर्च कराव्यात. वाद्य घडविणाऱ्यावर ग्रंथ लिहिण्याची चाल मात्र आपल्याकडे पडली नाही. संगीतावरील मराठी वाङ्मय दरिद्री आहे असे कोणी म्हणणार नाही. गोविंदराव टेंबे, वामनराव देशपांडे, प्रा. बी. आर. देवधर या जाणकारांनी जे लिहून ठेवले आहे, त्याचा इतर भाषांनी हेवा करावा. पण या ग्रंथांच्या मध्यभागी बसलेला असतो तो गवई. त्याच्या मागे तंबोरा झंकारत असतो, आणि तो कुणाच्या हातून उतरला हे सांगण्याची वेळ लेखकावर सहसा येत नाही.

ही उणीव मला जाणवली ती दोन इंग्रजी पुस्तकांमुळे. दोन्ही पुस्तके गिटार घडविणाऱ्या एकांड्या कारागिरांवर आहेत. गिटार म्हणजे विजेवर वाजणारी नव्हे. पोकळ लाकडी पोटाची, हाताने घडविलेली. सीमाभागातल्या आमच्या घरांतूनही आता मुलांच्या खांद्यावर गिटार दिसते आणि आजोबांचा तंबोरा गवसणीत असतो, म्हणून हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

पहिले पुस्तक ॲलन सेंट जॉन या अमेरिकन पत्रकाराचे, २००५ साली प्रसिद्ध झालेले. विषय आहे वेन हेंडरसन. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, डोंगरात, रग्बी नावाची जेमतेम सात माणसांची वस्ती आहे. तिथला हा गृहस्थ. जन्म १९४७ चा. आयुष्यभर पोटासाठी टपाल वाटले आणि उरलेल्या वेळात गिटारी केल्या. स्वतः उत्तम वाजवतो. १९९५ मध्ये त्याला लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याची गिटार हवी असेल तर वर्षानुवर्षे थांबावे लागते. इंग्लंडचा जगविख्यात वादक एरिक क्लॅप्टन याने मागणी नोंदविली, त्यालाही सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. अखेर ती गिटार होऊ लागली तेव्हा सेंट जॉन कामाच्या खोलीत जाऊन बसला आणि त्याने पाहिले ते लिहिले.

पुस्तक वाचनीय आहे. हेंडरसन घाईत नसतो, आणि लेखकानेही बऱ्याच ठिकाणी घाई केलेली नाही. मात्र एक गोष्ट खटकते. पुस्तकाचे नाव आहे 'क्लॅप्टन्स गिटार'. कारागिराचे नाव खाली, उपशीर्षकात. म्हणजे ज्याने दहा वर्षे वाट पाहिली त्याची ती गिटार. ज्याने चाकूने तिच्या पोटातली एकेक काडी तासली तो उपशीर्षकापुरता! प्रकाशकाला पुस्तक विकायचे असते हे समजते. पण हा प्रश्न मुखपृष्ठापुरता राहत नाही. 'सर्वांगपरिपूर्ण वाद्य' या कल्पनेचा लेखकाला मोह आहे आणि त्यामुळे प्रशंसेचा सूर अधूनमधून चढा लागतो. असा चढा सूर आपल्या गौरवग्रंथांतही पुष्कळ ऐकलेला आहे. ज्याचा गौरव त्याच्या हातून बिघडलेले काम काय, हे विचारल्याशिवाय त्याच्या साधलेल्या कामाची किंमत कळत नाही.

आणि बिघडण्याला या कामात जागा किती आहे, ते पाहण्याजोगे आहे. गिटारीची वरची फळी साधारणतः स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोंच्या आसपास. फळी जाड ठेवली तर वाद्य मुके होते, पातळ केली तर ताणाने फुगते, वाकते, काही वर्षांनी फाटते. म्हणून आतून लाकडाच्या पट्ट्यांचे आधार देतात. ते कुठे, किती उंच, कुठे निमुळते, यावर नाद ठरतो. ताकद आणि नाजूकपणा यांच्यामधल्या केसाएवढ्या रेषेवर कारागीर उभा असतो, आणि प्रत्येक फळी निराळी असल्याने कालची रेषा आज उपयोगी पडत नाही. काव्याची कारणे सांगताना मम्मटाने प्रतिभेच्या जोडीला व्युत्पत्ती आणि अभ्यास घातले. वर्गात ते शिकवताना उदाहरणे मात्र आपण नेहमी कवींचीच देतो.

दुसरे पुस्तक पुष्कळ कोरडे आहे. माझ्या मते ते अधिक मोठे आहे. अंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) हा स्पेनमधील अल्मेरियाजवळचा सुतार. आज जिला आपण अभिजात गिटार म्हणतो तिचा आकार, तारेची ६५० मिलिमीटर लांबी आणि वरच्या फळीच्या आतली पंख्यासारखी पसरलेल्या सात पट्ट्यांची रचना यांना स्थिर रूप दिले ते त्याने. पंख्याची कल्पना त्याची नव्हे, आधीच्यांची. पण तिच्यातून काय निघते हे त्याच्या कानाने ओळखले. त्याचे चरित्र १९८७ साली प्रसिद्ध झाले. लेखक होझे रोमानियोस (१९३२-२०२२), हा स्वतःच गिटारी करणारा. माद्रिदचा हा सुतार इंग्लंडला गेला आणि तिथे गुरूवाचून गिटार करायला शिकला. ज्युलियन ब्रीमसारख्या वादकाने त्याची १९७३ ची गिटार जगभर मैफलींत वाजविली.

कारागिराने कारागिराचे चरित्र लिहिल्यावर काय घडते ते या पुस्तकात दिसते. तोरेसचे दारिद्र्य, पहिल्या बायकोचा अकाली मृत्यू, मधल्या काळात गिटारी सोडून अल्मेरियात चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान घालणे, मग पुन्हा पटाशी हाती घेणे, हे सारे कागदपत्रांच्या आधाराने येते. त्याच्या जोडीला उपलब्ध गिटारींची यादी, मापे, आतल्या चिठ्ठ्यांचा मजकूर. सामान्य वाचक मापांपाशी कंटाळेल. मीही काही पाने उलटली. पण रोमानियोस कुठेही तोरेसला देव करीत नाही. त्याने केलेल्या वाद्यात हात घालून, फळी मोजून, तो बोलतो.

तोरेसची १८६२ ची एक गिटार प्रसिद्ध आहे. पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची. नाद मुख्यतः वरच्या फळीत असतो हे सिद्ध करण्यासाठी हा उद्योग. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आहे. मला तर हे समीक्षेचे काम वाटते. पानभर युक्तिवाद करण्याऐवजी या माणसाने एक गिटार केली. त्याच्या वृद्धापकाळी एका पाद्र्याने त्याला कौशल्याचे रहस्य विचारले. वरची फळी नीट उतरली की नाही हे अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांना कळते, ते दुसऱ्याला देता येत नाही आणि आपल्याबरोबरच जाईल, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण त्या पाद्र्याने पुढे १९३१ मध्ये लिहून ठेवली. एका श्रोत्याने ती लिहिली म्हणून उरली.

इथे मला आपल्या मुलखाकडे वळावे लागते, आणि ते गिटारीच्याच वाटेने. गिटारीची पाठ-बाजू पूर्वी ब्राझीलच्या रोजवुडची करीत. त्या लाकडाची निर्यात अडल्यावर १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या कारखान्याने भारतीय रोजवुड घेतले. भारतीय रोजवुड म्हणजे आपले शिसव, कानडीत बीटे. खानापूर-दांडेलीच्या रानांतही वाढणारे. म्हणजे जगातल्या असंख्य गिटारींच्या पाठी दक्षिण हिंदुस्थानच्या लाकडाच्या आहेत. लाकूड आपले आणि चिठ्ठी त्यांची, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. चिठ्ठी लावण्याची आठवण त्यांना होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

बेळगावहून रेल्वेने काही तासांवर मिरज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावण्याचा धंदा बसत चालला, तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. त्या परंपरेतून सतारमेकर हे आडनावच तयार झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तूनचे लाकूड, आणि हात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर तिथेच विसावले. ते वाद्यांची दुरुस्ती स्वतः करीत. मिरजेचा तंबोरा घेऊन धारवाडचा कानडी गवई गातो आणि पुण्याचा मराठी रसिक डोलतो. सीमेचा वाद या वाद्याने कधी ऐकलेला नाही.

तंबोऱ्याची जवारी काढणे हे तोरेसच्या अंगठा-तर्जनीच्याच जातीचे काम. घोडीचा माथा कानशीने इतका हलका उतरवायचा की तार त्याला पुसत जावी, आणि मधले सूत रेसभर सरकवताच स्वरातून स्वर फुलावेत. क्षणभर जास्त घासले की घोडी वाया. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट, नकली मालाला त्यामुळे आळा बसावा. पण मानांकन गावाला मिळते. कोणत्या हाताची जवारी गोल आणि कोणत्या हाताची खुली, हे मानांकनाच्या कागदावर येत नाही. ते काम लेखकाचे आहे. आपल्या संतांत गोरोबा कुंभार आहेत, नरहरी सोनार आहेत. त्यांचे चाक आणि त्यांचा तराजू आपण रूपक म्हणून वाचले, आणि रूपकाच्या पुढे गेलो नाही.

मराठीत असे पुस्तक कुणी लिहिलेच, तर सेंट जॉनसारखे बाकावर बसून लिहावे आणि रोमानियोससारखे मोजून. गवयांची नावे परिशिष्टात चालतील. भोपळा हातात घेतल्यावर कारागीर तो कुठे ठोकून पाहतो, कोणता बाजूला टाकतो, तबली बसवण्यापूर्वी आतून काय तपासतो, बापाने केलेला जुना तंबोरा दुरुस्तीला परत आला तर त्यात बापाचे काय राखतो आणि काय बदलतो, मुलाने मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली तर कानस कुणाच्या हातात देतो, हे त्याला विचारावे. उत्तर देताना त्याचे हात काय करतात तेही लिहून घ्यावे. उर्दू, कानडी आणि मराठी अशी मिसळ त्याच्या बोलण्यात येईल; ती शुद्ध करू नये.