ब्राइड ऑफ द विंड
ब्राइड ऑफ द विंड : संगीतरचनाकार गुस्टाफ मालर (१८६०–१९११) याची पत्नी आल्मा (१८७९–१९६४) हिच्या जीवनावरील इंग्रजी चरित्रपट. दिग्दर्शक ब्रूस बेरेस्फर्ड, पटकथा मेरिलिन लेव्ही, प्रदर्शन २००१. आल्माची भूमिका सेरा विंटर हिने, तर मालरची जोनाथन प्राइस याने केली आहे. शीर्षक ऑस्कर कोकोश्काच्या बाझेल येथील कलासंग्रहालयातील चित्रावरून (१९१३-१४) घेतले आहे. मूळ जर्मन शब्दाचा रूढ अर्थ ‘वावटळ’ असा असून ‘वाऱ्याची वधू’ हे त्याचे केवळ शब्दशः भाषांतर होय. चित्रात आल्मा निश्चिंत निजलेली आहे. वादळ आहे ते शेजारी जागणाऱ्या चित्रकाराच्या मनात. चित्रपटाने ते आल्माला चिकटविले आहे.

कथानकाचा गाभा मात्र सबळ आहे. आल्मा स्वतः गीतरचना करीत असे. डिसेंबर १९०१ मध्ये, विवाहापूर्वी, मालरने पत्र लिहून तिला रचना थांबविण्यास सांगितले व तिने ते मान्य केले. १९०७ मध्ये त्यांची थोरली मुलगी वारली. १९१० मध्ये वास्तुशिल्पज्ञ व्हाल्टर ग्रोपिउस याच्याशी आल्माचे प्रेमसंबंध उघड होताच मालर हादरला. लायडन येथे जाऊन तो फ्रॉइडला भेटला आणि परतल्यावर पत्नीची गीते काढून वाचू लागला. त्यांपैकी पाच त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. बंदी घालणाऱ्यानेच ती उठवावी, आणि तीही पत्नी हातची जाण्याच्या धास्तीने, यातील नाट्य असामान्य आहे. प्राइसचा संयत अभिनय त्याला पुष्कळसा न्याय देतो.

मालरच्या मृत्यूनंतर मात्र चित्रपट विस्कळित होतो. कोकोश्का, ग्रोपिउस (विवाह १९१५) आणि कादंबरीकार फ्रांट्स व्हेर्फेल (विवाह १९२९) एकामागून एक येतात. त्यांच्या ओळखी करून देण्यातच संवाद खर्ची पडतात. व्हिएन्नातील दिवाणखाने आणि वेशभूषा देखण्या आहेत. पण प्रेमिकांची यादी म्हणजे चरित्र नव्हे. बंदी उठल्यावरही आल्माने फारसे का रचले नाही, हा खरा प्रश्न. तिच्या हयातीत एकूण चौदाच गीते प्रसिद्ध झाली व त्यांतील बरीचशी विवाहापूर्वीची होती. पटकथा त्या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. केन रसेलच्या मालर (१९७४) या स्वैर चित्रपटात आल्मा आपली रचना रानात पुरते. त्या एका दृश्यातून जे कळते, ते येथील तक्रारवजा संवादांतून कळत नाही.

आल्माच्या आठवणी विश्वसनीय नाहीत. मालरची पत्रे प्रसिद्ध करताना तिने त्यांत काटछाट केल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. मालर व व्हेर्फेल हे दोन्ही पती ज्यू वंशाचे असूनही तिच्या लेखनात ज्यूद्वेष डोकावतो. असे अवघड, परस्परविरोधी व्यक्तिमत्त्व बेरेस्फर्डने सोज्वळ केले आहे. समीक्षकांनी चित्रपटाचे स्वागत केले नाही, ते अकारण नव्हे. तिच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. जिज्ञासूंनी आल्माची ओळख तेथून करून घ्यावी.